एक सळई की दोन? साक्षीपुराव्याच्या मोजणीबद्दल थोडंसं

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय एका श्रोत्यांच्या प्रश्नावरून घेतला आहे. त्यांनी विचारलंय : जमिनीखालचं पाणी, जुनी पाइपलाइन, पुरलेली वस्तू असं काही शोधायला काटकोनात वाकवलेल्या धातूच्या सळया वापरतात. कुणी एकच सळई धरतो, कुणी दोन्ही हातांत एकेक. यात अधिक भरवशाचं काय, एक की दोन?

प्रश्न साधा वाटतो. आणि ‘सळईने काही सापडत नाही’ असं एका वाक्यात सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण मग ज्याने सळई वळताना स्वतःच्या हातात पाहिली आहे, त्याचं समाधान होत नाही. तो म्हणतो, ‘सर, तुम्ही पुस्तकातलं सांगता, माझ्या हातात ती वळली.’ त्याचं म्हणणं खरं आहे, ती वळते. म्हणून ती का वळते इथून सुरुवात करू आणि मग एक की दोन हे पाहू. या छोट्या प्रश्नात एक मोठा प्रश्न आहे : एकाच गोष्टीचे दोन पुरावे मिळाले असं आपण केव्हा म्हणायचं?

कोण काय वापरतो

आपल्याकडे पाणी दाखवणाऱ्याला पाणाड्या म्हणतात. कुणी तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरतो आणि नारळ उभा राहिला की ‘इथे पाणी’ म्हणतो. कुणी बेचक्यासारखी फांदी दोन्ही हातांत ताणून धरतो. कुणी दोऱ्याला वजन बांधून लंबक करतो. आणि अलीकडे तांब्याच्या नाहीतर पितळेच्या दोन सळया दिसतात. साधारण हातभर लांबीची तार, टोकाकडचा वीतभर भाग काटकोनात वाकवलेला. तो आखूड भाग मुठीत उभा धरायचा आणि लांब भाग पिस्तुलासारखा समोर.

दोन सळया असतील तर खूण अशी, की वस्तूवर आलात की त्या एकमेकींवर येऊन फुली होते. एक सळई असेल तर ती वस्तूच्या दिशेला वळते असं मानतात. म्हणून वापरणाऱ्यांमध्ये कामाची एक वाटणीही दिसते : दिशा विचारायला एक, जागा पक्की करायला दोन. अमेरिकेत जुन्या दफनभूमीत खुणेचा दगड हरवलेल्या कबरी शोधायला हौशी लोक दोन तारा घेऊन फिरतात. कबर ‘सापडली’ की त्यांतले काही जण एकच तार धरून आत पुरुष आहे की स्त्री हेही विचारतात.

ही परंपरा जुनी आहे. जर्मन विद्वान अग्रिकोला याचा खाणकामावरचा लॅटिन ग्रंथ १५५६ साली छापला गेला. त्यात खाणवाल्यांच्या फांदीचं वर्णन आहे. त्या काळी वाद असा होता, की चांदीसाठी हेझलची फांदी, तांब्यासाठी अ‍ॅशची, शिसं आणि कथलासाठी पाइनची, आणि सोन्यासाठी लोखंडाची सळई. अग्रिकोलाने हे सगळं नोंदवलं आणि शेवटी म्हटलं, की जाणत्या खाणकामगाराने जमिनीवरच्या नैसर्गिक खुणा वाचाव्यात, त्याला या फांदीची गरज नाही.

पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा हा वाद आज आपल्याला गमतीचा वाटतो. पण ‘हेझल की अ‍ॅश’ आणि ‘एक की दोन’ या दोन प्रश्नांची ठेवण सारखीच आहे. भुताला डावा हात आवडतो की उजवा, असं कुणी विचारलं, की आपण उत्तर शोधायच्या नादात भूत आहे हे कबूल करून बसतो. प्रश्नाच्या पोटात दडलेलं गृहीत आधी बाहेर काढायचं, ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाची पहिली सवय.

फाटक आपोआप का उघडतं

आता सळईकडे. तुम्ही वाड्याचं किंवा शेताचं असं एखादं फाटक पाहिलं असेल, की ज्याचा खांब जरासा कललेला आहे. ते फाटक सोडलं की आपोआप एका बाजूला जातं. कुणी ढकलत नाही. खांब ज्या बाजूला कललाय त्या बाजूला फाटकाचं वजन उतरतं, इतकंच.

मुठीतली सळई म्हणजे तसंच एक फाटक आहे. आखूड भाग हा खांब, लांब भाग ही झडप. खांब अगदी ओळंब्यात असेल तर सळई कुठेही थांबेल, तिला आवडनिवड नाही. म्हणूनच शिकवणारे सांगतात, ‘टोक किंचित खाली ठेवा.’ म्हणजे खांब थोडा पुढे कलतो आणि सळई समोर स्थिर राहते.

समजा मूठ पुढे २ अंश कलली आहे. आता ती बाजूलाही २ अंश कलली. सळई किती वळेल? घर्षण सोडून दिलं तर ४५ अंश. कारण उतार आता पुढे आणि बाजूला सारखाच आहे, त्यामुळे सळई बरोबर मधली दिशा धरते. २ अंश म्हणजे किती, तर १० सेंटीमीटर उंचीच्या मुठीचा वरचा कडा साडेतीन मिलीमीटर सरकतो. आणि ४० सेंटीमीटर लांबीच्या सळईचं टोक जवळजवळ एक फूट सरकतं. साडेतीन मिलीमीटर कुणाच्या लक्षात येत नाही, ना धरणाऱ्याच्या, ना बघणाऱ्याच्या. टोक फूटभर गेलेलं मात्र सगळ्यांना दिसतं.

याची उलट बाजूही पाहा. मूठ पुढे १० अंश कललेली असेल आणि बाजूला तोच २ अंशांचा कल आला, तर सळई जेमतेम ११ अंश वळते. म्हणजे सळई जितकी समपातळीत, तितकी ती ‘बोलकी’.

काही जण म्हणतात, ‘आम्ही सळई पेनाच्या रिकाम्या नळीत घालून धरतो, हाताचा स्पर्शच होत नाही, मग हात कसा वळवेल?’ हे फार प्रामाणिकपणे सांगितलं जातं. पण नळीमुळे घर्षण कमी होतं, फाटकाच्या बिजागरीला तेल घातल्यासारखं. आधी जो कल सळईला वळवायला पुरत नव्हता, तो आता पुरतो. कारण नळी तर हातातच आहे आणि कल नळीला येतो.

आता दोन सळया घेऊ. दोन मुठींमध्ये वीतभर अंतर आहे आणि दोन्ही सळया समोर रोखलेल्या आहेत. त्यांची टोकं एकमेकींना भेटायला प्रत्येकीने किती वळायला हवं? ४० सेंटीमीटरच्या सळया असतील तर १७-१८ अंश पुरतात. आणि मूठ पुढे २ अंश कललेली असताना, तेवढं वळायला आतल्या बाजूला लागणारा कल पाऊण अंशापेक्षाही कमी आहे.

म्हणजे लोकांना वाटतं की दोन सळया हा जास्त कडक निकष आहे, दोघींचं एकमत झाल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही. प्रत्यक्षात एका सळईला ठसठशीत वळायला जेवढा कल लागतो, त्याहून निम्म्याहून कमी कलात दोन सळया फुली करून मोकळ्या होतात.

हात खोटं बोलत नाही, तरीही

यावर कुणी म्हणेल, ‘म्हणजे पाणाडी लबाडी करतो?’ नाही. बहुतेक वेळा अजिबात नाही. हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल याने फार सुंदर दाखवलं. त्याने एका धातूच्या कड्याचा लंबक करून पाऱ्यावर धरला. लंबक डोलायला लागला. मध्ये काच सरकवली तर तो थांबायचा. शास्त्रज्ञाला तर वाटलंच असतं की काही शक्ती काचेने अडते आहे. पण त्याने पुढची पायरी घेतली. स्वतःचे डोळे बांधून घेतले आणि काच केव्हा घातली, केव्हा काढली हे न सांगण्याची सहकाऱ्याला ताकीद दिली. आता काचेचा परिणाम नाहीसा झाला. हाताला लाकडाचा आधार दिला की डोलणंही कमी व्हायचं. हे त्याने अँपिअरला लिहिलेल्या पत्रात १८३३ साली प्रसिद्ध केलं. पुढे १८५२ मध्ये इंग्लंडमध्ये कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने या प्रकाराला नाव दिलं. आपण त्याला कल्पनाजन्य हालचाल म्हणू. मनात अपेक्षा उमटली की स्नायू अतिशय थोडे हलतात, आणि हलवणाऱ्याला आपण हलवलं याची जाणीव होत नाही.

म्हणून प्रामाणिकपणाची शपथ इथे उपयोगी नाही. शेव्ह्रल प्रामाणिक होताच, लंबक तरीही त्याच्याच हाताने हलत होता.

दोन सळया, पण साक्षीदार किती?

दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा आपला विश्वास वाढतो. का वाढतो? कारण दोघे स्वतंत्र आहेत आणि स्वतंत्रपणे दोघांची तीच चूक व्हावी हे अवघड आहे. पण दोघांनाही तिसऱ्या माणसाने तीच गोष्ट पढवली असेल, तर साक्षीदार दोन दिसले तरी साक्ष एकच. विट्गेन्स्टाइनने याचं एक गमतीदार उदाहरण दिलं आहे : सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी खरी आहे का हे पडताळायला कुणी त्याच वर्तमानपत्राच्या आणखी प्रती विकत घ्याव्यात, तसं हे होईल.

दोन सळया म्हणजे त्याच वर्तमानपत्राच्या दोन प्रती. उजव्या मुठीत आणि डाव्या मुठीत एकाच माणसाची अपेक्षा उतरते. शिवाय आपल्या दोन हातांना आरशासारखं हलायची सवय असते. आत्ता बसल्या जागी दोन्ही हातांनी हवेत वर्तुळं काढा. न ठरवता दोन्ही हात एकदम आत येतील, एकदम बाहेर जातील. दोन्ही सळया एकदम आत वळणं ही हातांची सगळ्यात स्वाभाविक जोडहालचाल आहे. त्यामुळे फुली झाली यात ‘दोघींचं स्वतंत्र एकमत’ असं काही नाही.

तरी दोन सळयांचा मनावर परिणाम जास्त होतो हे मान्य करायला हवं. एक सळई हलली तर आपण म्हणतो वारा असेल, पाऊल अडखळलं असेल. दोन एकदम जुळल्या की कुणीतरी निर्णय दिल्यासारखं वाटतं. तेव्हा श्रोत्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं : दोन सळयांनी धरणाऱ्याची खात्री वाढते. जमिनीखालच्या वस्तूबद्दलची माहिती मात्र तेवढीच राहते.

पाणी लागलं, मग सळई खरी का?

आता सगळ्यात जोरदार आक्षेप. ‘आमच्या गावात त्याने दाखवलेल्या जागी पाणी लागलं.’ लागलं असेल. मी ते नाकारत नाही. पण इथे आपल्या न्यायशास्त्रातली दोन अवजारं काढू.

पहिलं, अन्वय आणि व्यतिरेक. जिथे फुली तिथे पाणी, हा अन्वय. जिथे फुली नाही तिथे पाणी नाही, हा व्यतिरेक. नातं ठरवायला दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. आता सांगा, फुली न झालेल्या जागी बोअर कोण मारतं? कुणीच नाही. त्यासाठी पैसे कोण घालणार! म्हणून व्यतिरेकाची बाजू कधी तपासलीच जात नाही. समजा एखाद्या शिवारात कुठेही खणलं तरी दहापैकी सात ठिकाणी थोडंफार पाणी लागतं. मग डोळे मिटून दगड भिरकावणाराही दहापैकी सात वेळा बरोबर ठरेल. उरलेल्या तीन वेळा काय होतं हेही आपल्याला ठाऊक आहे : ‘पाणी होतं, पण तुम्ही लवकर थांबलात’, ‘बोअर तिरका गेला’. यश सळईच्या खात्यात आणि अपयश मशिनवाल्याच्या.

दुसरं अवजार, उपाधी. धूर पाहून अग्नीचं अनुमान बरोबर, पण अग्नी पाहून धुराचं अनुमान चुकतं. तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, लपून बसलेलं खरं कारण. सळईच्या यशामागे असं ओलं सरपण कोणतं? तर धरणाऱ्याचा अनुभव. जुना पाणाड्या तीस-चाळीस वर्षं त्याच मुलखात फिरलेला असतो. शेजारच्या विहिरीला कुठल्या थरात पाणी लागलं, ओढा कुठून वाहतो, मुरूम कुठे खोल आहे, उन्हाळ्यात कुठलं झाड हिरवं राहतं, हे सगळं त्याच्या डोळ्यांत असतं. डोळ्यांनी वाचलेलं हातात उतरतं आणि श्रेय सळईला जातं.

हे ज्ञान खरं आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अख्खा अध्याय भूजलावर आहे. त्यात झाडं, वारुळं, माती, खडक यांच्या खुणा दिल्या आहेत. उदाहरणार्थ, जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर दक्षिण बाजूला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी. यातलं प्रत्येक विधान आज टिकेल असं नाही. पण पद्धत पाहा : खूण जमिनीत आहे, चार लोकांना दाखवता येते आणि खोली सांगितल्यामुळे खोटी ठरवता येते. अग्रिकोलाचा सल्ला आणि वराहमिहिराची पद्धत इथे एकमेकांशी जुळतात. सळईची खूण मात्र धरणाऱ्याच्या मुठीत असते.

परदेशातली एक गोष्ट याच मासल्याची. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या पाणीपुरवठा कंपन्यांना विचारलं गेलं, तेव्हा बारापैकी दहा कंपन्यांनी कबूल केलं की त्यांचे काही तंत्रज्ञ अजून नळ शोधायला सळया वापरतात. बातमीने खळबळ उडाली. पण नळाचं काम करणाऱ्या माणसाला रस्ता दिसतो, व्हॉल्व्हचं झाकण दिसतं, घरांची रांग दिसते. नळ कुठून गेला असेल याचा अंदाज त्याला सळईशिवायही असतो.

उपाधी काढून टाकली तर?

मग चाचणी कशी हवी? जिथे जमिनीवर वाचण्यासारखं काही नाही अशी. तशा झाल्या आहेत. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ जर्मन सरकारच्या पैशातून मोठा प्रयोग झाला. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावर ठेवून इकडेतिकडे सरकवायचे. वरच्या मजल्यावर दहा मीटरच्या रेषेवर पाणाड्याने चालत जाऊन नळाची जागा सांगायची. सुमारे ५०० उमेदवारांतून ४३ जण निवडले गेले आणि ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांचा निष्कर्ष असा, की बहुतेकांना जमलं नाही, पण मोजक्या काही जणांत खरं कौशल्य दिसतं.

एन्राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी पुन्हा तपासली. त्याने विचारलं, जे उत्तम ठरले ते पुढच्या फेरीतही उत्तम राहिले का? नाही राहिले. आणि कुणी काहीच न करता दर वेळी रेषेचा मध्य सांगितला असता, त्याच्या तुलनेत हे उत्तम लोक किती जवळ होते? सरासरी ४ मिलीमीटर. दहा मीटरांत चार मिलीमीटर!

१९९० मध्ये जर्मनीतच कासेल इथे तीस पाणाड्यांची चाचणी झाली. अर्धा मीटर खोल पुरलेल्या प्लास्टिकच्या नळातून पाणी वाहतंय की बंद आहे, एवढंच सांगायचं होतं. पद्धत त्यांना आधी मान्य होती. निकाल योगायोगाने जितका यावा तितकाच आला.

एका सळईची किंमत

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, ठीक आहे, निरुपद्रवी समजूत आहे, चालू द्या. म्हणून एका सळईची गोष्ट सांगतो. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रज माणसाने ‘एडीई ६५१’ नावाचं यंत्र विकलं. प्लास्टिकची मूठ आणि तिच्यावर बिजागरीने फिरणारी एक अँटेना, म्हणजे आपली एक सळई. बॅटरी नाही. मूळ कल्पना गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या खेळण्याची, त्याची किंमत वीस डॉलरच्या आसपास. हे यंत्र बॉम्ब शोधतं असं सांगून इराकला हजारो डॉलरला एक या दराने विकलं गेलं आणि बगदादच्या तपासणी नाक्यांवर शिपायांच्या हातात आलं. २००९ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये त्या शहरात जे मोठे स्फोट झाले त्यांत मिळून दोनशेहून अधिक माणसं मेली. नाके होते, शिपाई होते, पण शिपायाच्या हातात काय होतं तर कललेलं फाटक.

२०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मॅकॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा दिली. तरीही यंत्रं नाक्यांवर राहिली. २०१६ च्या जुलैत बगदादमधल्या कर्रादा भागात भीषण स्फोट झाला, त्यानंतर पंतप्रधानांनी ती काढायचा हुकूम दिला. थायलंडच्या सैन्यात असंच ‘जीटी २००’ नावाचं यंत्र होतं. तिथे २०१० मध्ये वीस वेळा चाचणी घेतली, बरोबर आले चार. चार डब्यांतला एक ओळखायचा होता, म्हणजे नुसत्या अंदाजाने पाच यायला हवे होते.

त्या नाक्यावरच्या शिपायाचा विचार करा. त्याला बहुधा मनापासून वाटत असेल की अँटेना वळली. प्रत्येक गाडी उघडून पाहण्याऐवजी त्याने तिच्यावर भिस्त ठेवली. सळईने केलेलं खरं नुकसान ते. तिच्यामुळे जी तपासणी करायची ती राहून गेली.

आपल्याकडे बॉम्ब नसेल, पण बोअर असतो. कर्ज काढून मारलेला बोअर कोरडा गेला तर त्या घरातलं मुलांचं शिक्षण थांबतं, जमीन गहाण पडते. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्यात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यात. ते कुठे आहे हे पाहायला आजूबाजूच्या विहिरींची नोंद, उतार, आणि जमिनीत वीज सोडून खडकाचा विद्युत रोध मोजण्याची पद्धत आहे. हीही शंभर टक्के अचूक नाही. पण ती चुकली तर का चुकली हे शोधता येतं आणि पुढच्या वेळी सुधारता येतं.

प्रश्नोत्तरं

एक श्रोते : सर, मला स्वतःला करून पाहायचं असेल तर?

जरूर करा. ऐकून विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा. दहा सारख्या बादल्या पालथ्या घाला. एकीखाली पाण्याची बाटली. कुठल्या बादलीखाली ते चिठ्ठी काढून ठरवायचं, मनाने नाही. ठेवणाऱ्याने मग तिथून निघून जायचं, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळणार नाही. मग तुम्ही सळया घेऊन या आणि एक बादली सांगा. असं दहा वेळा, प्रत्येक उत्तर आधी लिहून मग उघडायचं. निव्वळ अंदाजाने दहात एक बरोबर यावा. चार किंवा जास्त आले तर लक्ष द्यायला हवं. तरीही लक्षात ठेवा, शंभर जणांनी ही चाचणी केली तर एखाद्याला योगायोगानेच चार मिळतील. तेव्हा ज्याला मिळतील त्याने पुन्हा करावी. आणि हो, पाच फेऱ्या एका सळईने आणि पाच दोन सळयांनी करा. श्रोत्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वहीत मिळेल.

दुसऱ्या श्रोत्या : आमच्याकडे घराचा पाया खणायचाय, खाली जुनी केबल असू शकते. सळयांनी निदान अंदाज घ्यावा का?

नको. विजेच्या तारेच्या बाबतीत ‘फुली झाली नाही, म्हणजे खाली काही नाही’ हा निष्कर्ष जिवावर बेतेल. ज्यांची केबल आहे त्यांच्याकडून नकाशा मागा, केबल शोधायचं विद्युतचुंबकीय यंत्र मिळतं ते लावून घ्या, आणि संशयाच्या जागी मशिन न लावता हाताने जपून खणा.

तिसरे श्रोते : गुप्तधन दाखवतो म्हणून सळई घेऊन येणारे असतात. त्यांचं काय?

पहिलं, पैसे देऊ नका. दुसरं, खरंच काही सापडलं तर ते आपोआप तुमचं होत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तिसरं, सळईवर थांबलं तर पैशावर भागतं. पण हे प्रकरण ‘आता पूजा लागेल, बळी लागेल’ इथवर गेलं, तर तो गुन्हा आहे. गुप्तधन किंवा पाणी शोधण्याच्या नावाखाली केलेली अमानुष कृत्यं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात येतात. तेव्हा सरळ पोलिसांकडे जा.

चौथे श्रोते : मग आमच्या गावच्या म्हाताऱ्या पाणाड्याला काय सांगायचं? त्याला वाईट वाटेल.

त्याला काही सांगू नका, त्याला विचारा. सळया बाजूला ठेवून त्याच्याबरोबर शिवारात एक फेरी मारा. ‘आबा, इथेच का?’ असं दर ठिकाणी विचारा आणि तो जे बोलेल ते लिहून घ्या : कुठलं झाड, कुठली माती, कुठली जुनी विहीर. मग त्या नोंदी आणि गावातल्या कोरड्या गेलेल्या बोअरची यादी घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा. कोरड्या बोअरची यादी विसरू नका. व्यतिरेक तिथे आहे.

आज इथेच थांबू.